सायमनच्या जागेवरचा फुलबॅक

रविवार, ६ फेब्रुवारी १९६६. सकाळचे पावणेसात. मुळशी धरणाच्या पाण्यावर अजून धुके आहे आणि वरच्या धनगरवाड्यात म्हसू मरगळे शेळ्यांच्या वाडग्याच्या तोंडाशी उकिडवा बसला आहे. कारवीचा झापा त्याने हातभरच उघडला आहे, एका वेळी एकच जनावर बाहेर पडेल इतका. तो शेळ्यांच्या तोंडाकडे पाहत नाही, पायांकडे पाहतो. खूर कसा टेकतो, गुडघा कुठे वळतो. एक शेळी मागचा पाय किंचित झटकते. तिला तो बखोटीला धरून बाजूला घेतो, खुरातला काटा काढतो आणि सोडून देतो.

सगळ्या बाहेर पडल्यावर आत एक उरते. पांढरी, एका कानावर काळा डाग, पुढच्या उजव्या पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. ही त्याची नाही. ही शेजारच्या चिमाबाईची. डिसेंबरात वालाच्या शेतात घुसणाऱ्या आपल्या बोकडावर म्हसूने काठी फेकली. बोकड चुकला आणि काठी हिला लागली. त्याच संध्याकाळी तो हिला खांद्यावर घालून आपल्या वाडग्यात घेऊन आला. तेव्हापासून पाला-पाणी त्याचे. धार काढून दूध मात्र रोज चिमाबाईच्या घरी जाते. काठी मुद्दाम मारली की चुकून लागली, हे चिमाबाईने विचारले नाही. दुसऱ्या कोणीही विचारले नाही.

या डोंगरावरच्या वाड्यांत रीतच तशी आहे. ज्याच्या हातून दुसऱ्याचे जनावर मोडले, त्याने ते आपल्याकडे आणायचे आणि उभे राहीपर्यंत सांभाळायचे. बरे झाले की कळपाबरोबर वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, चालवून दाखवायचे. कळपाबरोबर चालले तर परत करायचे. मागे राहिले, तर आपल्यातले एक धड जनावर त्याच्या बदल्यात द्यायचे. त्याला इथे साटे म्हणतात. रागावणे, माफी मागणे, माफ करणे यांना या रीतीत जागा नाही.

म्हसू मरगळे अकरा हंगाम पुण्यात फुटबॉल खेळला. फुलबॅक होता. त्याच्या खेळाची हकीकत या रीतीवाचून सांगता येत नाही.

तो पुण्याला गेला तो खेळायला नव्हे. १९५२ साली शेळ्यांत रोग आला आणि मरगळ्यांचे निम्मे वाडगे रिकामे झाले. उरलेली जनावरे थोरल्या भावाने, नाथाने, सांभाळायची आणि म्हसूने बाहेर काम पाहायचे, असे ठरले. घरात आई तुकाबाई आणि म्हसूची नवी लग्न झालेली बायको सगुणा. म्हसू खडकीला एका कारखान्याच्या आवारात रोजंदारीवर लागला. लोखंडाचे तुकडे ढिगावरून ढिगावर नेण्याचे काम होते.

कारखान्याला फुटबॉलचा संघ होता. त्या काळी पुण्यातल्या बऱ्याच कारखान्यांना आणि गिरण्यांना असे. खेळाडूला कामगार म्हणून घ्यायचे, अर्धी पाळी काम आणि अर्धी पाळी सराव. पगार कामगाराचाच मिळे. पण ज्याचा खेळ गेला, त्याचे कामही बहुधा जाई. कारखान्याच्या संघाचा कप्तान हैबतराव नावाचा फिटर होता. एका दुपारी सरावाला माणूस कमी पडला, तेव्हा त्याने ढिगाजवळ उभ्या असलेल्या म्हसूला हाक मारली.

“ए धनगर! ह्या गड्याला अडवशील का?”

म्हसूने विचारले, “अडवून कुटं नेऊ?”

मैदानावरचे सगळे हसले. हैबतराव हसला नाही. “त्या कोपऱ्यात ने,” तो म्हणाला.

चेंडू असलेला गडी संघातला सर्वांत वेगवान होता. म्हसू त्याच्या अंगावर धावून गेला नाही. तो त्याच्या आणि गोलाच्या मध्ये उभा राहिला, थोडा तिरपा, हात किंचित पसरलेले, आणि मागे मागे सरकत राहिला. गड्याला एकच बाजू मोकळी दिसत होती. तो त्या बाजूने गेला आणि जातच राहिला. शेवटी रेषा संपली. गडी चेंडूसकट कोपऱ्यात उभा होता आणि म्हसू त्याच्यासमोर.

पुढे लोकांनी या खेळाचे पुष्कळ कौतुक केले. म्हसूला त्यात विशेष काही वाटत नसे. “शेळीच्या अंगावर धावलं तर ती पिकातच शिरती,” तो सांगतो. “पिकाच्या आन तिच्या मधी हुबं ऱ्हायाचं. मंग ती आपली आपुन बाजूला जाती.”

पुढच्या हंगामात तो संघात आला. पहिली दोन वर्षे तो पायाला पट्ट्या गुंडाळून, बुटांशिवाय खेळला. मग लीगने बूट सक्तीचे केले. डोंगरात रुंदावलेल्या त्याच्या पावलांना बाजारातला बूट बसेना. खडकीच्या एका चांभाराने त्याच्यासाठी जाड चामड्याची एक वेगळी जोडी शिवून दिली. पुढे कातड्याचे घट्ट टोपण, खाली खिळ्यांनी ठोकलेल्या चकत्या. “पायाला जमीन लागत न्हाई,” अशी त्याची तक्रार होती. तरी तो शिकला. मैदानाच्या कडेला बसणारे लोक त्याने फॉरवर्डला बाजूला नेले की ओरडत, “गेला! गेला वाडग्यात!”

पण कारखान्यात तो तात्पुरताच राहिला. लीग संपली की नाव कमी व्हायचे आणि पावसाळ्याआधी पुन्हा लागायचे. १९५७ च्या उन्हाळ्यात हैबतरावाने त्याला बाजूला घेतले.

“साहेबांशी बोललोय. दसऱ्यानंतर तुला कायम करतायत. क्वार्टर पण मिळेल. एवढा हंगाम नीट काढ.”

म्हसूने घरी निरोप धाडला. सगुणाने पुण्याला न्यायची भांडी वेगळी काढून ठेवली.

रविवार, १८ ऑगस्ट १९५७. सामना एका गिरणीच्या संघाशी होता. त्यांचा सेंटर फॉरवर्ड सायमन, घोरपडीचा, वय चोवीस, गिरणीत म्हसूसारखाच तात्पुरता. मैदानावर चिखल होता. दुसऱ्या डावात मधल्या जागेत एक चेंडू चिखलात रुतून थांबला. दोन्ही बाजूंनी दोघे आले. चेंडू थांबलेला असल्यामुळे कोणाला कुठे न्यायचा प्रश्न नव्हता. जो आधी पोहोचेल त्याचा तो. दोघेही एकदमच पोहोचले. म्हसूचा बूट चेंडूवर बसला आणि चिखलावरून पुढे घसरला. पलीकडच्या नडगीवर तो थांबला.

आवाज मैदानाच्या कडेपर्यंत ऐकू गेला.

रेफ्रीने फाऊल दिला नाही. चेंडू दोघांचा होता, असे त्याने जागच्या जागी सांगितले आणि गिरणीच्या कप्तानानेही ते मान्य केले. सायमनला फळीवर घालून सरकारी दवाखान्यात नेले. सामना पुढे चालू झाला. म्हसू उरलेला वेळ खेळला आणि कारखाना जिंकला.

पुढच्या सुट्टीला म्हसू पौडला उतरून वर घरी गेला. आईला त्याने घडले ते सांगितले. तुकाबाई चुलीपुढे बसून होती. तिने फुटबॉल कधी पाहिला नव्हता.

“मोडला मंजी पार?”

“पार. दोन तुकडं.”

“आता कुटं हाय त्यो?”

“दवाखान्यात.”

तुकाबाईने मान वर केली. “मंग हितं का न्हाई?”

“आये, त्यो मानूस हाय. शेळी न्हवं.”

“मंग तर आदी आनाया पायजेल हुता,” ती म्हणाली आणि पुन्हा चुलीकडे वळली.

नाथाने म्हसूच्या बाजूने बोलून पाहिले. शहरात तशी पद्धत नसते, तिथे दवाखाने असतात, त्या माणसाचे कोणी ना कोणी असेल. तुकाबाईने त्याला एवढेच विचारले, की पाय कोणाच्या हातून मोडला.

सायमनचे खरोखर फारसे कोणी नव्हते. आईबाप वारले होते, घोरपडीत बहिणीच्या एका खोलीत तो राहायचा आणि त्या खोलीत बहिणीची पाच मुले होती. गिरणीने त्याचे नाव आठवड्यातच कमी केले होते. म्हसू दवाखान्यात गेला तेव्हा मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला सायमन छताकडे पाहत पडला होता.

“तुमाला घिऊन जायाला आलोय,” म्हसू म्हणाला.

“कुठे? पोलिसात?”

“घरी. मुळशीला.”

“का? उरलेला पाय मोडायला?”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला. म्हसूने रीत सांगितली. सायमनने ती दोनदा ऐकली आणि दोन्ही वेळा त्याला ती वेडेपणाची वाटली. पण दवाखाना त्याला सोडायच्या बेतात होता आणि बहिणीच्या खोलीत पाय लांब करायला जागा नव्हती. तो तयार झाला. त्याच्या बहिणीलाही आनंद झाला नाही आणि वाईटही वाटले नाही. तिने एक चादर दिली.

पौडपर्यंत एसटी, तिथून धरणाकडे बैलगाडी आणि शेवटची चढण डोली. बांबूला घोंगडी बांधून चौघांनी त्याला वर नेले. पाऊस होता. वाटेत सायमन दोन भाषांत शिव्या देत होता. नाथाने त्यातल्या काही नंतर पाठ केल्या.

तुकाबाईने त्याला दारातच विचारले, “तुमी कोन म्हनायचं?”

“ख्रिस्ती.”

“मटान खाता न्हवं?”

“खातो.”

“मंग झालं. या आत.”

ज्या दिवशी सायमन त्या घरात पहिली नाचणीची भाकरी खात होता, त्याच सुमारास गिरणीने लीगच्या कमिटीकडे तक्रार केली. माणूस गेला होता, सामना गेला होता. निदान गुण तरी परत मिळावेत. चौकशी लागली. कारखान्याला काळजी नव्हती. रेफ्रीचे म्हणणे म्हसूच्या बाजूचे होते. हैबतरावाने त्याला दोन संध्याकाळी समोर बसवून पढवले.

“काही विचारलं तरी एकच बोलायचं. मी चेंडू खेळलो. बास. पुढचं मी बघतो. दसरा तोंडावर आलाय म्हसू, लक्षात ठेव.”

चौकशी कँपातल्या एका हॉलमध्ये झाली. टेबलामागे तिघे जण होते. मधल्या गृहस्थांनी प्रश्न साधाच विचारला.

“सायमनचा पाय तुझ्याकडून मुद्दाम मोडला की चुकून?”

हैबतराव मागून खोकला.

“पाय माज्याच हातनं मोडला,” म्हसू म्हणाला.

“ते समजलं. मुद्दाम का?”

“मोडला मंजी मोडला, सायेब. त्यो आता माज्या घरीच हाय. मी सांबाळतुया त्याला.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. ही गोष्ट त्यांना नवी होती. गिरणीच्या माणसाने लगेच उठून सांगितले की निर्दोष माणूस असे करत नाही. मनात काही असल्याशिवाय कोण दुसऱ्या संघाच्या खेळाडूला घरी नेऊन पोसेल? मधल्या गृहस्थांनी म्हसूला आणखी एक संधी दिली.

“मरगळे, नीट ऐक. तू चेंडू खेळायला गेलास, आणि पाय चुकून मधे आला. असंच झालं ना?”

होय म्हटले असते तर तेवढ्यावर भागले असते. ते खोटेही नव्हते. पण म्हसूच्या कानाला त्यात हात झटकल्यासारखे ऐकू आले. ज्याच्या काठीने जनावर मोडले त्याने ‘जनावर मधे आलं’ म्हणायचे नसते. तसे म्हणणारा माणूस जनावर सांभाळायचे टाळतो आहे, असा वाड्यावर अर्थ होतो.

“त्यो मधी आला न्हाई,” म्हसू म्हणाला. “मी गेलतो.”

कमिटीने त्याला एक वर्ष खेळायची बंदी घातली. सामन्याचे गुण गिरणीला दिले. न खेळणाऱ्या फुलबॅकला कायम करण्याचे कारखान्याला कारण नव्हते. दसऱ्याच्या आधी त्याचे नाव कमी झाले. हॉलच्या पायऱ्या उतरताना हैबतराव त्याला एवढेच म्हणाला, “तुला एक शब्द बोलायचा होता रे. एक.” त्यानंतर ते दोघे मैदानाबाहेर कधी भेटले नाहीत.

म्हसू घरी आला आणि शेळ्यांमागे जाऊ लागला. सगुणाने वेगळी काढलेली भांडी पुन्हा मांडणीवर लावली. चौकशीत काय झाले हे सायमनला नाथाकडून कळले. संध्याकाळी म्हसू कळप घेऊन आला, तेव्हा तो ओट्यावर पाय लांब करून त्याची वाटच पाहत होता.

“तू पागल आहेस काय रे? रेफ्रीने फाऊल दिला नाही. मी दिला नाही. तू स्वतःच्या अंगावर फाऊल कसला देतोस?”

“पाय मोडलाय न्हवं?”

“अरे, मोडला तो माझा मोडला! मी सांगतो ना, तुझी चूक नव्हती!”

“चूक कोन म्हनतंय?” म्हसू म्हणाला आणि शेळ्या आत घालू लागला.

सायमन दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. बोलायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून तिसऱ्या दिवशी बोलला.

प्लास्टर निघाले ते थंडीत. हाड जुळले होते, पण पाय बोटभर आखूड झाला होता. तुकाबाईने त्याला तेल लावून रोज चालवले, आधी ओट्यापर्यंत, मग विहिरीपर्यंत. माघाच्या अखेरीस एका सकाळी नाथा आणि म्हसू त्याला कळपाबरोबर सड्यावर घेऊन निघाले. वाट चढणीची आणि दगडगोट्यांची. सायमन निम्म्या वाटेपर्यंत कळपात होता. मग मागे पडला. वर पोहोचला तेव्हा शेळ्या चरून बसल्या होत्या. त्याला वाटले, आपण जिंकलो. तो तिथे बसून टाळ्या वाजवू लागला. दोघा भावांनी वाजवल्या नाहीत.

खाली आल्यावर तुकाबाईने विचारले आणि नाथाने सांगितले. ती म्हणाली, “चालतुया, पर कळपासंगं न्हाई. साटं द्यावं लागंल.”

“एक बोकड द्या आन मोकळं व्हा,” नाथा म्हणाला.

सायमन हसला. “मला बोकड नको. मला सेंटर फॉरवर्ड द्या. गिरणीत नेऊन बांधतो.”

त्याने ते थट्टेत म्हटले होते. म्हसूने मात्र ते खरे धरले. साटे हे मोडलेल्या जनावरासारखे द्यायचे असते. दुभत्याच्या जागी दुभते, ओझ्याच्या जागी ओझ्याचे. या माणसाचे काय मोडले? पाय मोडला, पण पायाबरोबर त्याची गिरणीतली जागाही गेली. ती जागा चालत्या पायावर होती.

बंदी संपली तेव्हा १९५८ चा हंगाम निम्मा झाला होता. म्हसू सायमनला घेऊन गिरणीच्या वेल्फेअर ऑफिसरकडे गेला. खेळाडू घेणे-काढणे त्याच्याकडे होते. त्याने दोघांना एकत्र पाहिले आणि खुर्चीत मागे टेकला.

“हा तर तुला मोडणारा ना, सायमन?”

“हाच,” सायमन म्हणाला. “आता काय बोलतो ते ऐका. मला विचारू नका, मी समजावून थकलो.”

म्हसूने सांगितले की तो गिरणीकडून खेळायला तयार आहे. त्या वर्षी गिरणीचा बचाव फार वाईट होता. ऑफिसरचा चेहरा बदलला.

“उत्तम. खेळाडूंची एक जागा रिकामी आहे. उद्यापासून ये. हंगाम नीट गेला तर वर्षभरात कायम करून टाकतो.”

खडकीत पाच वर्षांत जे मिळाले नव्हते, ते एका वाक्यात समोर आले होते. म्हसूने मान हलवली.

“जागा ह्याला द्या. खेळतो मी.”

“म्हणजे?”

“जागा सायमनची हाय. त्याला बसून करायचं काम द्या. त्याच्या जागी मी खेळंन. मला आवारात रोजावर घ्या, मिळंल तवा.”

“अरे, पण त्याला घेऊन गिरणीला काय उपयोग? तू स्वतः का घेत नाहीस?”

“माजी न्हाई ती,” म्हसू म्हणाला.

ऑफिसरने सायमनकडे पाहिले. सायमन खिडकीबाहेर पाहत होता. शेवटी ऑफिसरने हिशेब केला असावा. चांगला फुलबॅक रोजंदारीवर मिळत होता. त्याने अट घातली: मरगळे खेळतो तोवर सायमन. मरगळे गेला, की सायमनही गेला. म्हसूने ती मान्य केली. सायमनला स्टोअरच्या खिडकीमागे बसवण्यात आले.

गिरणीत त्यांना ‘दोघांत एक कामगार’ म्हणत. म्हसू घोरपडीला सायमनच्या बहिणीच्या खोलीमागे पत्र्याच्या आडोशाला राहू लागला. आवारात काम असेल त्या दिवशी रोज, नसेल त्या दिवशी काही नाही. पावसाळ्यात दर रविवारी सामना. त्याने सहा हंगाम असे काढले. त्याचा सर्वांत चांगला खेळ याच वर्षांतला, असे तेव्हाचे प्रेक्षक सांगतात. वय तिशीकडे झुकले होते, पाय मंदावले होते, पण त्याला पळावे क्वचितच लागे. त्याने या सहा हंगामांत थांबलेल्या चेंडूवर पाय घातला नाही. तसा चेंडू आला की तो एक पाऊल मागे उभा राही आणि समोरच्याला घेऊ देई. त्यातून काही गोल झाले. कप्तान शिव्या देई. म्हसूने ते बदलले नाही.

जिल्ह्याच्या संघातून तो दोनदा खेळला. १९६० मध्ये मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या संघाने त्याला बोलावले. कायम नोकरी, राहायला जागा. निरोप घेऊन आलेल्या माणसाने सायमनच्या समोरच सगळे सांगितले.

“जा,” सायमन म्हणाला. “माझं मी बघीन.”

“काय बगशीला?”

“काय पण बघीन! तुझ्या आईची शपथ, जा. मला तुझं ओझं होतंय.”

“माजं ओजं तुमाला?” म्हसू म्हणाला. “डोली कुनी वाहिली?”

तो गेला नाही. सायमन आजही त्याबद्दल गोडवा ठेवून बोलत नाही. “लोक म्हणतात, काय माणूस आहे! मी पण म्हणतो. पण सहा वर्षं दर रविवारी मला मैदानावर जाऊन बसावं लागायचं. तो पडला की मी उठून उभा राहायचो. त्याचा गुडघा गेला तर माझी खिडकी गेली. असं कोणाच्या पायावर जगून बघा. त्याला वाटायचं तो देणं देतोय. मला विचारलं असतं तर मी बोकड घेतला असता.”

सगुणाने या सगळ्या काळात डोंगर सोडला नाही. क्वार्टरचे नाव तिने पुन्हा काढले नाही. वर्षातून दोनदा म्हसू घरी येई, तेव्हा ती शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, “येवडी वरसं फुटबाल खेळून काय आनलं? तर एक लंगडा मानूस.” सायमन सोबत असला तर तोही हसे. ती हसत नसे.

१९६३ च्या पावसाळ्यात गिरणीचा जुना स्टोअरकीपर निवृत्त झाला. इतक्या वर्षांत कोणता माल कोणत्या फळीवर आहे हे सायमनइतके दुसऱ्याला माहीत नव्हते. ती जागा खेळाडूंच्या कोट्यातली नव्हती. सप्टेंबरात सायमन कायम झाला. दुपारी म्हसू स्टोअरच्या खिडकीशी आला.

“झालं?”

“झालं.”

“आता कुनी काडू शकत न्हाई?”

“चोरी केली तरच.”

म्हसूने मान हलवली. पुढच्या रविवारचा सामना ठरलेला होता, तेवढा तो खेळला. सोमवारी त्याने बूट खिडकीतून आत सरकवले आणि पौडची गाडी धरली. ऑफिसरने त्याला थांबवण्यासाठी माणूस पाठवला, तो एसटी स्टँडवर उशिरा पोहोचला. खडकीच्या चांभाराने शिवलेली ती जोडी सायमनने वरच्या फळीवर ठेवली आहे. दुसऱ्या कोणाच्या पायाला ती बसत नाही.

तुकाबाई पुढच्याच वर्षी वारली. साटे पूर्ण झाल्याचे तिला सांगितले होते. तिने विचारले, “चालतुया का त्यो?” आणि लंगडतच पण चालतो, असे उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, “मंग बरं.”

आता ऊन वाडग्यात आले आहे. नाथा कळप घेऊन पुढे गेला. म्हसू चिमाबाईच्या शेळीसमोर बसून कामट्यांच्या गाठी सोडतो. पाय मोकळा होतो. तो अंगठ्याने हाडावरून वर-खाली दाबत जातो. जिथे मोडले होते तिथे एक गाठ लागते, कठीण, सरळ. शेळी पाय मागे घेत नाही. तो तिला उभी करतो. ती चार पावले टाकते, थांबते आणि कुडाला अंग घासते. चिमाबाई कमरेवर हात ठेवून मेढीशी उभी आहे.

“चालली की रं,” ती म्हणते. “आता सोड तिला माज्याकडं.”

“हितं काय कुनीबी चालतंय,” म्हसू म्हणतो. “वर जाऊंद्या आदी.”

“आन न्हाई चालली तर?”

“ती करडी घ्या माजी. परवा याली ती.”

चिमाबाई दाराशी पिलाजवळ बांधलेल्या त्या करड्या रंगाच्या शेळीकडे बराच वेळ पाहते. ती वाड्यातली सर्वांत जास्त दूध देणारी आहे. सगुणा दारातून हे ऐकते आणि आत जाते.

उद्या सोमवार. गिरणीच्या स्टोअरची खिडकी सकाळी सात वाजता उघडते आणि सायमन पहिल्या पाळीला आहे. त्याच वेळी मरगळ्यांच्या वाडग्याचा झापा उघडेल आणि पांढरी शेळी कळपाबरोबर सड्याकडे निघेल. म्हसू तिच्या मागे असेल.